चौदा जोड्या की चार?

पत्र:

"ताई, सप्रेम नमस्कार. मी शिवाजी पेठेत राहतो, वय २१. आमच्या घरात आजोबांपासून हलगी आहे. सातवीत असल्यापासून मीही वडिलांच्या मागं उभा राहून वाजवतोय. शाळेच्या बँडात साइड ड्रमवर होतो. गेल्या वर्षापासून पुण्यातल्या एका हौशी सिम्फनी ऑर्केस्ट्रात तालवाद्यांच्या बाजूला वाजवतो. दर रविवारी पहाटेची एसटी धरतो. वाद्यं तिथली आहेत, पण मॅलेट्स, म्हणजे वाजवायच्या गोल डोक्याच्या काठ्या, ज्यानं त्यानं आपल्या आणायच्या असा नियम आहे. आजवर शेजारी उभ्या असलेल्या दादाच्या उसन्या घेतल्या, आता लाज वाटते. तिथले एक जुने वादक वाजवणं थांबवतायत. त्यांची अख्खी बॅग, चौदा जोड्या, वीस हजारांना देतो म्हणाले. माझ्याकडं जत्रा आणि कुस्तीच्या मैदानांच्या सुपाऱ्यांचे सोळा हजार साठलेत. वरचे चार वडिलांकडं मागितले तर म्हणाले, 'आरं, चाळीस वर्सं म्या एका टिपरावर काढली. तुला चौदा जोड्या कशाला?' त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही आणि पटतही नाही. बॅग घेऊ का? नसेल घ्यायची तर सुरुवात कुठून करू? डिसेंबरात कार्यक्रम आहे. त्यात माझ्याकडं धातूच्या पट्ट्यांचा ग्लॉकेनस्पिल, बहुधा लाकडी पट्ट्यांचा असतो तो झायलोफोन, टांगलेली झांज आणि एका रचनेत टिंपनी, म्हणजे सुरात लावायचे मोठे नगारे, आहे. सरावाला जुन्या शाळेत ग्लॉकेनस्पिल आणि झायलोफोन आहेत, सरांनी हॉलची किल्ली दिलीय. आणि पितळी डोक्याची जोडी घ्यावी का, तेही सांगा. – हलगीवाल्याचा पोरगा, कोल्हापूर"

बाळा,

बॅगेचं आधी सांगते, कारण ते वादक तुझ्यासाठी महिनाभर थांबतीलच असं नाही. अख्खी बॅग घेऊ नकोस. त्यातल्या तीन-चार जोड्या निवडून देतात का ते विचार. नाही म्हणाले तर नमस्कार करून सोडून दे. चौदापैकी निम्म्या जोड्यांचं काम काय हे तुला आज ठाऊक नाही, आणि काम ठाऊक नसलेली जोडी बॅगेत नुसतं वजन वाढवते. मी तुझ्या वयाची असताना असाच एक मोठा सेट उचलला होता. त्यातल्या पाच जोड्यांना वर्षानुवर्षं हात लागला नाही. आणि ज्या आवाजासाठी जीव तळमळत होता, टिंपनीचा तो खालून उठणारा मऊ घुमारा, तो काढणारी जोडी त्यात नव्हतीच. ती शेवटी वेगळी घ्यावी लागली.

आता वडिलांचं. ते एक टिपरू म्हणतात, पण पुढच्या सुपारीला त्यांच्या हातांकडं नीट बघ. उजव्या हातात आखूड, भरीव टिपरू. डाव्या हातात लांब, बारीक, लवलवती छडी. टिपरू ठोका देतं आणि छडी त्यावर कडकडाट चढवते. दोन्ही हातांत टिपरूच दिलं तर चालेल का, असं त्यांना विचार. आणि खासबागेत कुस्ती लागायच्या आधी ते काय करतात? कडेला काटक्या-कागद पेटवून हलगी शेकतात. बोट मारून ऐकतात, परत शेकतात, आवाज कडक झाला की मगच मातीकडं वळतात. हवा तो आवाज आणल्याशिवाय ते पहिला ठोकासुद्धा देत नाहीत. त्यांचं वाद्य एक, म्हणून ते कातडं शेकून आवाज बदलतात. तुझ्यापुढं एका संध्याकाळी चार वाद्यं असतात आणि त्यांच्या पट्ट्या काही शेकता येत नाहीत, म्हणून तू हातातली काठी बदलतोस. त्यांना हे असं सांगून बघ. चाळीस वर्षं वाजवलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागणार नाही.

काठी बदलली की काय बदलतं, हे शाळेच्या झायलोफोनवर दहा मिनिटांत ऐकता येईल. खोडरबर लावलेली एक साधी पेन्सिल घे. मधली एखादी पट्टी धर. आधी पेन्सिलच्या लाकडी टोकानं मार, मग उलटी करून खोडरबरानं, मग त्या रबरावर पायमोज्याचा दुहेरी कपडा गुंडाळून. सूर तिन्ही वेळा तोच, पण पहिल्यांदा 'टक्' ऐकू येईल आणि सूर त्याच्या मागून आल्यासारखा वाटेल. दुसऱ्यांदा सूर पुढं येईल. तिसऱ्यांदा 'टक्' जवळजवळ निघून जाईल आणि तळाचा गोल सूर तेवढा उरेल. कडक डोकं पट्टीला क्षणभर शिवून उडतं, त्यामुळं वरचे सगळे बारीक सूर जागे होतात. मऊ डोकं जरा जास्त वेळ टेकून राहतं आणि टेकता टेकता तेच बारीक सूर दाबून टाकतं. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजायचा, पण कान तो लगेच पकडतो. डोक्याचं वजन ही त्याच्या जोडीची दुसरी गोष्ट. जड डोकं तळाचा सूर भरून काढतं, हलकं डोकं वरच्या वर चमक देतं. दुकानात कुठलीही जोडी हातात आली की हे दोनच प्रश्न विचार: किती कडक, किती जड? रंगीत लोकर आणि दांडीवरचं नाव त्यानंतर बघ.

तिथंच आणखी एक कर. पट्टीच्या मधोमध मार, मग थोडं बाजूला, मग दोरी जिथून ओवलेली असते त्याच्या बरोबर वर. दोरीवर आवाज मेल्यासारखा होईल, कारण पट्टी तिथं हलतच नाही, म्हणून तर दोरी तिथून नेलेली असते. नवीन जोडी मंद वाजते म्हणून परत करणाऱ्यांतल्या कितीतरी जणांचा आघात दोरीवर पडत असतो.

तर चार जोड्या. साइड ड्रमच्या काठ्या तुझ्याकडं आहेतच, त्या मोजत नाही.

पहिली झायलोफोनची. या वाद्याचा स्वभाव कोरडा, टणक. फ्रेंच संगीतकार सां-सांस यांनी १८७४ मध्ये सांगाड्यांच्या नाचाची हाडं वाजवायला हेच वाद्य घेतलं, ते उगाच नाही. त्याला मऊ लोकरीची जोडी लावलीस तर ऑर्केस्ट्रात ऐकूच येणार नाही. कडक रबराची किंवा मध्यम कडक प्लॅस्टिकची गोल डोकी घे. एकच घ्यायची तर मी कडक रबर म्हणेन. त्यात लाकडाचा सूरही येतो आणि ठोकाही स्पष्ट राहतो. अगदी कडक प्लॅस्टिकनं जोरकस जागा खुलतात, पण हलक्या जागी ती जोडी बोचते. वरच्या पट्ट्यांना कडक आणि खालच्यांना जरा मऊ असं प्रत्येक रचनेत लागत नाही, तेव्हा ती चैन पुढच्या वर्षी. शाळेच्या झायलोफोनच्या पट्ट्या लाकडी असतील तर कडेनं बोट फिरवून बघ. तडा असेल त्या पट्टीवर जोर काढू नकोस, सरांना दाखव.

दुसरी ग्लॉकेनस्पिलची, आणि इथं तुझ्या पितळेच्या प्रश्नाचं उत्तर आहे. सुरुवात कडक प्लॅस्टिकनं कर. डोकं लहान, पाऊण ते एक इंचाचं. हे वाद्य कागदावर लिहितात त्याच्या दोन सप्तकं वर वाजतं, तेव्हा सगळ्या वाद्यांच्या डोक्यावरून ते तसंही ऐकू जातं, ठोकायची गरज नसते. जुन्या हिंदी गाण्यांत केर्सी लॉर्ड यांचा ग्लॉकेनस्पिल ऐक. सूर हवेत ठेवल्यासारखा येतो, आपटल्यासारखा येत नाही. पितळेनं आवाज घंटेसारखा लखलखीत होतो आणि काही जागा पितळेशिवाय उमटतच नाहीत. पण त्याआधी खिशात एक लोहचुंबक ठेव. पट्टीला लावून बघ. चिकटला तर पट्टी स्टीलची, पितळ चालेल. नाही चिकटला तर पट्टी अॅल्युमिनियमची, आणि तिच्यावर पितळ कधीही नाही. हे मी शिकले ते दुसऱ्याच्या वाद्यावर. एका कार्यक्रमाला उसना ग्लॉकेनस्पिल आला होता. मी सवयीनं पितळी जोडी काढली आणि पहिल्याच जोरकस जागी वरच्या एका पट्टीवर चंद्रकोरीएवढा खड्डा पडला. मालकानं काही म्हटलं नाही. पण तो पट्टीवरून अंगठा फिरवत होता ते मी बघितलं, आणि ते अजून डोळ्यांपुढं येतं. लाकडी पट्ट्यांवर तर पितळ स्वप्नातही नको. डोकं पट्टीपेक्षा कडक नको, एवढं धरून चाललास तर कुणाचं वाद्य तुझ्या हातून बिघडणार नाही.

तिसरी लोकर गुंडाळलेली, मध्यम. ही टांगलेल्या झांजेसाठी. झांजेचा रोल, म्हणजे सलग भरभर ठोके, दोन समोरासमोरच्या कडांवर वाजवायचा, म्हणजे ती झुलत नाही आणि आवाज सगळीकडून उठतो. सुरुवात इतकी हळू की ठोके ऐकूच येऊ नयेत. ती लाट चढवायला लोकरच हवी. टिंपनीची जोडी झांजेवर वापरताना मी चांगल्या चांगल्यांना बघितलंय, आणि प्रत्येक वेळी पोटात गोळा येतो. झांजेची कड त्या डोक्यावरचं फेल्ट, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं जाड कापड, कापते आणि फेल्ट एकदा फाटलं की त्या जोडीचा टिंपनीवरचा सूर गेला. ही लोकरीची जोडी उद्या मरिंबा, झायलोफोनचा खालच्या सुरांचा मोठा भाऊ, समोर आला तर मधल्या पट्ट्यांवरही चालेल. मरिंबाच्या खालच्या पट्ट्या मधोमध तासून पातळ केलेल्या असतात, त्यांना याहून मऊ लागतं.

चौथी टिंपनीची, आणि पैसे घालायचे तर हिच्यावर घाल. 'जनरल' म्हणून मिळते ती मध्यम जोडी घे. मऊ जोडीत रोल सुंदर होतो पण सुटे ठोके चिखलात पडल्यासारखे वाटतात. स्टॅकाटो, म्हणजे कडक डोक्याच्या, जोडीत ठोके खडे निघतात पण लांब रोलमध्ये दाणे मोजता येतात. एकाच रचनेपुरतं वाजवायचं असेल तर मधलीच हवी. टिंपनीच्या काठ्यांचा हा विचार संगीतकारांनीच वादकांच्या डोक्यात घातला. बर्लिओझनं १८३० मध्ये आपल्या पहिल्या सिम्फनीत स्पंजाच्या डोक्यांच्या काठ्या असं स्वरलिपीतच लिहून ठेवलं. एल्गारनं १८९९ च्या एका रचनेत दूरवरच्या जहाजाच्या इंजिनाची घरघर हवी म्हणून टिंपनीवर साइड ड्रमच्या काठ्या मागितल्या आणि वादकांनी त्या जागी नाणी वापरून बघितली. तेव्हा घरून निघायच्या आधी तुझ्या डिसेंबरच्या स्वरलिपीत 'कडक', 'मऊ', 'लाकडी' अशा खुणा कुठं आहेत ते शोध आणि वहीत उतरव. खरेदीची खरी यादी तीच. आणि टिंपनी काठापासून चार बोटं आत वाजव. शाळेच्या बँडाची सवय हाताला मध्याकडं ओढेल, आणि मध्यावर सूर नसतो, नुसता धप्प आवाज असतो.

बेस ड्रमचा मोठा लोकरी गोळा, टॅमटॅम या मोठ्या धातूच्या थाळीचा जड गोळा, ट्यूब्युलर बेल्स या नळ्यांच्या घंटांचा हातोडा हे बहुतेक ठिकाणी वाद्याबरोबरच असतात. त्यांच्या नादाला आत्ता लागू नकोस.

आता त्या बॅगेतली जोडी हातात घेतलीस तर काय बघशील? एक मॅलेट कानाजवळ धरून हलव. आत बारीक कटकट झाली तर डोकं दांडीवर सैल आहे. लोकरीच्या डोक्यावर धागा तुटून आतला गाभा दिसतोय का ते बघ. दिसत असेल तर किंमत निम्मी, कारण गुंडाळणं पुन्हा करता येतं. फेल्ट अंगठ्यानं हलकेच दाब. गादीसारखं परत वर यायला हवं. चकचकीत, चप्पट, पुठ्ठ्यासारखं झालं असेल तर ठेवून दे. रबरावर बारीक भेगा असतील तर तेही ठेवून दे. वेताची दांडी जराशी वाकडी असणं दोष नाही, वेत तसाच असतो. पण दोन्ही दांड्या एकाच जागी चिमटीत धरून डोकी मांडीवर सोडून बघ. एक जास्त उसळत असेल तर ती जोडी जोडी नाही. मग डोळे मिटून एकाच पट्टीवर उजवी, डावी, उजवी, डावी. कुठला हात आला हे ओळखू येत असेल तर पैसे देऊ नकोस.

ही जोडीची गोष्ट फार जुनी नाही बरं. बॉस्टन सिम्फनीचे टिंपनीवादक व्हिक फर्थ यांच्या हातून काठ्या जमिनीवर पडल्या आणि त्यांना प्रत्येकीचा सूर वेगळा ऐकू आला. १९६३ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या कंपनीनं मग काठ्या वजनानं आणि सुरानं जुळवून विकायला सुरुवात केली. साइड ड्रमच्या काठ्या घेताना तूही हे कर. एकेक काठी फरशीवर आडवी सोड आणि ऐक. दुकानदार वैतागेल, वैतागू दे. मी एकदा एका मोठ्या दुकानातून बंद पाकिटातली जोडी न वाजवता आणली होती. घरी आल्यावर कळलं की दोन काठ्यांत चांगला एका स्वराचा फरक आहे. ते बदलून द्यायला तयार झाले नाहीत. तेव्हापासून पाकीट दुकानातच फोडते.

दांडीबद्दल थोडं. वेताची दांडी लवते, हाताला माफ करते, आवाज गोल येतो. बर्चच्या लाकडाची ताठ असते, अचूकपणा देते आणि चुकाही तितक्याच स्पष्ट दाखवते. फायबरची टिकाऊ, बँडाच्या मैदानी वापराला बरी. तुझ्या मनगटाला डावी छडी लवती धरायची सवय आहे, म्हणून झायलोफोन आणि लोकरीची जोडी वेताची घे असं मला वाटतं. पुढं कधी व्हायब्राफोन, म्हणजे धातूच्या पट्ट्यांचं मोठं वाद्य, चार मॅलेट्सनी वाजवायचा झाला तर दोन जोड्या एकाच वेळी घे. वर्षभरानं तेच नाव, तोच नंबर मागवलास तरी लोकरीचा पोत बदललेला असतो.

कोल्हापुरात राहतोस याचा एक मोठा फायदा तुझ्या लक्षात आला नसेल. यातलं बरंचसं आपल्याला इथं करून घेता येतं. पितळी जोडी मी उद्यमनगरात करून घेतली. लेथवाल्या दादांना वाटलं, कपाटाच्या मुठी हव्यात. मी टेबलावर एक नमुना वाजवून दाखवला तेव्हा त्यांनी मशीन बंद केलं आणि परत वाजवायला सांगितलं. पाऊण इंची गोळा, मधून दांडीच्या मापाचं भोक. असा भरीव पितळी गोळा तीस ग्रॅमच्या आसपास भरतो, तेवढाच प्लॅस्टिकचा चार-पाच ग्रॅमचा. म्हणून पितळेला ताकद लावायची नसते, नुसतं पडू द्यायचं असतं. दोन गोळे झाले की मी ते गुजरीत नेले आणि ओळखीच्या सोनारांच्या काट्यावर तोलले. एक जवळजवळ ग्रॅमभर जड निघाला. परत उद्यमनगर, परत एक हलका हात. दुसऱ्या दिवशी काटा जुळला. परदेशी जोडीला काही हजार मोजावे लागतात, माझं काम त्याच्या लहानशा हिश्श्यात झालं.

लोकर गुंडाळणं मात्र स्वतः शीक. बॅगेतली एखादी उसवलेली जोडी स्वस्तात मिळाली तर तीच शिकायला घे. जुना धागा कापू नकोस. टोक शोध आणि उलटा सोडवत जा, वेढे मोजत. तो आकडा वहीत. आतलं रबर पुसून घे. मग नव्या लोकरीचं टोक दांडीजवळ बोटानं दाबून धर आणि पहिला वेढा डोक्यावरून उभा, माथ्यावरून खाली, दांडीला शिवून परत माथ्यावर. प्रत्येक वेढ्याला डोकं केसभर फिरवायचं, म्हणजे वेढे नारळाच्या शेंड्यांसारखे माथ्यावर एकमेकांना छेदत जातात आणि पोटावर सारखे पसरतात. ओढ सैल ठेवलीस तर आवाज मऊ येतो, घट्ट ठेवलीस तर कडक. म्हणूनच दोन्ही डोकी एकाच बैठकीत, एकाच मूडमध्ये गुंडाळायची. मी एक डोकं रात्री आणि दुसरं सकाळी गुंडाळलं होतं तेव्हा सकाळचं चांगलंच घट्ट झालं होतं. शेवटी सुईत तोच धागा ओवून माथ्यावरच्या सगळ्या वेढ्यांखालून गोल फिरवायचा आणि ओढून घ्यायचा, तसाच एक फेरा खाली दांडीजवळ. हे दोन टाके बसले की डोकं सुटत नाही. निव्वळ लोकर मऊ वाजते पण लवकर झिजते. अॅक्रिलिक मिसळलेला धागा जास्त टिकतो. व्हायब्राफोनच्या जोडीला लोकरीऐवजी सुती दोरी असते, आणि सुतासाठी इचलकरंजी आपल्या हाकेच्या अंतरावर आहे. टिंपनीचं फेल्ट बदलणं मात्र इतक्यात करू नकोस. त्याची शिवण जमायला मला फार वेळ लागला. फेल्ट चप्पट व्हायला लागलं की सुईच्या टोकानं हलकेच उकरून फुलवायचं, सध्या एवढंच.

आणि आपला पाऊस. जून ते सप्टेंबर वेत पाणी ओढतो आणि वाकतो. दांड्या आडव्या, मोकळ्या ठेव, कोपऱ्यात तिरक्या उभ्या करू नकोस. वाकलीच तर दोन्ही तळव्यांत ऊब येईपर्यंत चोळ आणि उलट्या बाजूनं हळूहळू दाब. वेत ऐकतो. फेल्ट आणि लोकरीला दुसरा शत्रू कसर. बॅगेत डांबराची गोळी ठेव किंवा कडुलिंबाचा वाळका पाला. फेल्टला बोटं लावायची नाहीत, हाताचं तेल त्यात मुरतं. टिंपनीची डोकी प्रत्येकी स्वच्छ कापडी पिशवीत, दोन डोकी एकमेकांना घासणार नाहीत अशी. पावसाळ्यात कातड्याचं काय करायचं हे वडिलांना जितकं कळतं तितकं मला कळत नाही. बॅगेची जागा त्यांनाच ठरवू दे.

कार्यक्रमाच्या दिवशी एका छोट्या टेबलावर जाड टॉवेल अंथर आणि चारही जोड्या ज्या क्रमानं लागणार त्या क्रमानं मांड, दांड्या तुझ्याकडं. टॉवेल यासाठी की हळूवार जागी मॅलेट ठेवल्याचा 'खट्' पहिल्या रांगेपर्यंत जातो. कुठून कुठं जाताना किती मोकळे ताल आहेत ते मोज. ग्लॉकेनस्पिलवरून टिंपनीकडं वळायला चारच ताल असतील तर टिंपनीची जोडी आधीच टिंपनीवर, कापडावर ठेवलेली असू दे. प्रत्येक दांडीच्या टोकाला बारीक कागदी पट्टी लावून नंबर घाल, आणि वहीत त्या नंबरापुढं कुठलं वाद्य, कुठली रचना, कसला आवाज. पुढची पाचवी जोडी कधी घ्यायची ते ही वही सांगेल. एखाद्या जागेपुढं 'हवा तो आवाज येत नाही' असं तीन रविवार लिहिलं गेलं की तेव्हा दुकानात जा, आणि ती जागा दुकानात वाजवून बघ. माझ्याकडं आता तीसेक जोड्या आहेत आणि प्रत्येकीपुढं असं एक वाक्य लिहिलेलं आहे.

हिशोब असा कर: टिंपनीची चांगली, नवीन. झायलोफोनची आणि लोकरीची बॅगेतून, वरच्या कसोट्यांना उतरल्या तर. ग्लॉकेनस्पिलची प्लॅस्टिकची नवीन, ती सगळ्यांत स्वस्त असते. सोळा हजारांत हे बसतं आणि पितळेचं उद्यमनगरात करून घ्यायलाही उरतं. वडिलांकडं चार हजार मागू नकोस.

त्यांच्याकडं दुसरं काही माग. एखाद्या संध्याकाळी त्यांना शाळेच्या हॉलमध्ये घेऊन ये आणि शेवटच्या रांगेत बसव. वाद्याजवळ जे कर्कश वाटतं ते मागं नुसतं स्पष्ट ऐकू येतं, आणि जवळ गोड वाटणारं मागं पोचतच नाही. आपल्या हातातलं आपल्याला कधी नीट ऐकू येत नाही, मागं दुसऱ्या कुणाचा कान लागतो. तुझ्या डिसेंबरच्या रचनेतल्या झायलोफोनच्या चार ओळी रबरानं वाजव, मग प्लॅस्टिकनं, मग परत रबरानं. कुठली जोडी हातात आहे ते सांगू नकोस, फक्त एक, दोन, तीन म्हण. ते जो नंबर सांगतील तो वहीत लिही, आणि का तेही त्यांच्याच शब्दांत लिहून घे. जमलं तर मला कळव, मला ते वाचायचंय.